पुण्याच्या वाटेवरची तरंगती खोली

रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला यायचं तर पहिला टप्पा पाण्यावरचा होता, हे आज पुण्यात सांगितलं की लोक चमकतात. मुंबईत बोटीत बसायचं, खाडीतून पनवेल गाठायचं, मग खोपोलीवरून बोरघाट चढायचा. खोपोलीचा नाना फडणीसांनी बांधलेला तलाव याच वाटेवर आहे. घाट मी मी म्हणणाऱ्यांनी लिहून ठेवलाय. मला रस आहे तो आधीच्या बोटीत, आणि त्यातही तिच्यावरच्या लाकडी खोलीत.

या बोटीला इंग्रज ‘बंदरबोट’ म्हणायचे. कलकत्त्याचा बिशप हेबर १८२५ मध्ये मुंबईत आला, त्याच वर्षी पुण्यालाही येऊन गेला. त्याने तिचं वर्णन केलंय: दणकट बोट, दोन डोलकाठ्या, दोन तिरकी त्रिकोणी शिडं. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश आला. त्यात हेबरचाच दाखला देऊन एक भर घातली आहे, की मधोमध केबिन असते. शिवाय मीठ वगैरे खात्यांचे अधिकारी किनाऱ्यावर फिरायला ती वापरतात. म्हणजे दिवसा कचेरी, रात्री बिछाना. पाण्यावरचा डाकबंगलाच म्हणा ना.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर इथे थांबा. ‘मधोमध’ हा एकच शब्द हातात आहे. त्यातून खोलीचं वास्तुशास्त्र किती काढता येईल?

बरंच. लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा टोकं सर्वांत जास्त उचलली जातात, मध्य सर्वांत कमी. झोपायला जागा तीच. मागे सुकाणू धरून तांडेल उभा, त्याला पुढचं दिसायला हवं. शिडाची लांब आडवी काठी वाऱ्याप्रमाणे डोक्यावरून फिरवावी लागते. म्हणून खोली बुटकीच हवी. आणखी एक कारण वजनाचं. समजा बोट, माणसं, सामान, खोली मिळून ६ टन आहेत. त्यातली खोली ३०० किलोची, आणि तिचा गुरुत्वमध्य बाकीच्या बोटीच्या गुरुत्वमध्यापेक्षा दीड मीटर वर. ०.३ गुणिले १.५ भागिले ६: सगळ्याचा गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर वर सरकतो. आकडे मी मानलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. लहान बोटीचं कलून परत सरळ होणं हे गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांच्यातल्या अंतरावर ठरतं. ते अंतर बऱ्याचदा एक मीटरसुद्धा नसतं, त्यातले साडेसात सेंटिमीटर जातात. वर शिडांवर वारा! काश्मीरच्या हाऊसबोटीला हे दुखणं नाही. ती काठाला बांधलेली, शीड नाही, म्हणून तिच्यावर घरासारखं घर चढवता आलं.

पण मुक्काम लागायचाच का? सरळ रेषेत मुंबई-पनवेल जेमतेम २८ किलोमीटर. उत्तर चंद्रात आहे. पनवेलच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, आत शिरायला भरतीच लागते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. आपल्याकडचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. (अमावास्या-पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. मला तर हे सूत्र कुठल्याही ॲपपेक्षा आवडतं.) चतुर्थीला तुम्ही पाच वाजता खाडीच्या तोंडाशी पोचलात, तर पाणी उतरायला लागलेलं. पुढची पूर्ण भरती साधारण साडेबारा तासांनी, म्हणजे पहाटे साडेतीनच्या सुमाराला. तोवर नांगर टाकून खोलीत पडायचं. अष्टमीला आणखी पंचाईत. त्या सुमारास भांगाची भरती, पाणीच कमी चढतं.

म्हणजे एखाद्या प्रवाशाच्या रोजनिशीत निघाल्याची तारीख आणि वेळ सापडली, तर पंचांगावरून तिथी काढा, तिथीवरून भरती. तो बोटीत झोपला असेल का, याचा अंदाज त्याने लिहिलं नसलं तरी बांधता येतो. त्याने लिहिलं असेल तर तुमचं गणित तपासता येतं. वाऱ्याची दिशा मात्र सोडू नका, शिडाची बोट आहे. पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली नोंद एकाच रकान्यात टाकली तर निष्कर्ष बिघडेल.

१८३० मध्ये माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तरी पनवेलपर्यंतचं पाणी सुटलं नाही. ते सुटलं रेल्वेने. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे, आणि १८६३ मध्ये मधला घाट जोडला गेला. पुण्याचा प्रवासी बंदरबोटीतून उतरला तो कायमचा. पण कोशातली नोंद तेवीस वर्षांनंतरची आहे आणि ती वर्तमानकाळात बोलते. तोवर खोलीत मीठ खात्याचा साहेब राहत होता. मिठागरं खाडीच्या कडेला, तिथे रूळ पोचले नव्हते.