मोजलेली खोली, न मोजलेली गॅलरी : मुंबईतील श्रमिकांची वसती आणि साहित्याची साक्ष

मुंबईतील गरिबांच्या घरांचा इतिहास बहुधा सप्टेंबर १८९६ पासून सांगितला जातो. त्या महिन्यात मांडवी भागात प्लेगची लागण झाल्याचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले आणि तोवर गिरण्यांच्या धुराइतकीच स्वाभाविक मानली गेलेली दाट वस्ती एकाएकी राज्यकर्त्यांच्या काळजीचा विषय झाली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोग कोंडलेल्या, दूषित हवेतून उद्भवतो ही समजूत तेव्हा पुरती ओसरली नव्हती. त्यामुळे वस्ती चिरून रुंद रस्ते काढणे हाच मुख्य उपचार ठरला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याच उपचाराची अपत्ये. पाडकाम वेगाने झाले, बांधकाम सावकाश. पहिल्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्ल्यांत दाटली.

गरिबाच्या घराचे जे एकक या काळात निश्चित झाले, ते म्हणजे खोली. अहवालांतून खोलीचे क्षेत्रफळ, तिच्या खिडक्या आणि तीत राहणारी डोकी मोजली जाऊ लागली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने डेव्हलपमेंट खाते निघाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. भाडे परवडेना आणि गिरण्या लांब पडत, म्हणून कित्येक खोल्या बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या याच चाळींत सत्याग्रही कैद्यांना ठेवण्यात आले; घर म्हणून बांधलेली खोली कोठडी म्हणूनही सोयीची निघाली, हे तिच्या रचनेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. १९२५ मध्ये बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईच्या श्रमिकांविषयीचा आणि त्यांच्या घरांविषयीचा ग्रंथ आला. १९३१ च्या जनगणनेत शहरातील जवळपास तीन चतुर्थांश माणसे एकखोली घरांत राहत असल्याचे दिसून आले.

हे आकडे खोटे नाहीत. मात्र ते खोलीच्या उंबरठ्यावर थांबतात. कोकणातून आणि घाटावरून एकटा आलेला गिरणीकामगार खोलीत फारसा राहतच नसे. दहा-पंधरा जणांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात त्याची ट्रंक आणि वळकटी असे. जेवण खाणावळवालीकडे, झोप पाळीप्रमाणे, आणि उन्हाळ्यात तर फुटपाथवर किंवा मैदानात. त्याच्या लेखी घर म्हणजे खोलीबाहेरची गॅलरी, नळ, नाका आणि भजनाची किंवा व्यायामशाळेची जागा. प्रशासनाच्या दृष्टीने ही जागा गर्दीच्या खाती पडली. तिची नोंद साहित्याने ठेवली, आणि ती एकट्या मराठीने ठेवली नाही.

कृश्न चंदर यांच्या ‘महालक्ष्मी का पुल’ या उर्दू कथेत पुलाच्या कठड्यावर सहा साड्या वाळत घातलेल्या आहेत. वाळत घालायला चाळीत जागा नाही, म्हणून त्या पुलावर आल्या. आणि पुलावर आल्या म्हणूनच त्या नेसणाऱ्या बायकांची आयुष्ये कथेला वाचता आली. जगदंबाप्रसाद दीक्षित यांची हिंदी कादंबरी ‘मुरदाघर’ (१९७४) आणि जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. दोहोंत झोपडी हे घर आहे खरे, पण सार्वजनिक जागा आणि खासगी आयुष्य यांच्यातील भिंत तिथे उरलेली नाही. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’मध्ये (१९६५) तर नाका हाच निवारा. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा आरोप झाला. त्यामागे भाषेबद्दलची नाराजी होतीच, पण घराबाहेर वाढलेल्या तरुणांना मध्यवर्ती स्थान मिळाल्याची अस्वस्थताही असावी.

मराठी समीक्षेने ‘चाळ’ हा शब्द मात्र फार सैलपणे वापरला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाचा शेवट ज्या हुरहुरीत होतो, ती हुरहूर खरी आहे. पण ती पगारदार पांढरपेशांची आहे. चाळ सोडून ब्लॉकमध्ये जाऊ शकणाऱ्यालाच चाळीची आठवण गोड वाटते. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. त्या दोन खोल्यांतल्या अभ्यासाचे आणि चळवळीचे स्मरण त्या हुरहुरीच्या चौकटीत बसणारे नाही.

कारण खोलीबाहेरची जागा निरागस नव्हती. कोणत्या जातीचे भाडेकरू कोणत्या चाळीत, हा नकाशा सरकारी चाळींतही तयार झाला. सारख्या मापाच्या खोल्या बांधल्याने शेजार सारखा झाला नाही. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो आणि त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भाड्याच्या खोलीचा. तिथे खोलीची किंमत भाड्यात नव्हे, जातीत मागितली जाते. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखाना हा तर गावकुसाबाहेरच्या वस्तीचा शहरातला अवतार वाटतो. तिथे नात्यागोत्याचा आधार आहे, पण त्या आधाराची सीमाही नात्यागोत्याचीच आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. एकाच शहरात, एकाच भाषेत हे घडावे, ही बाब तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला दोन भाषांमधील अनुवादाइतकीच महत्त्वाची वाटावी. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली, तेव्हा दगडफेक चाळीचाळींमधून झाली. मोकळी जागा हीच रणभूमी होती.

झोपडपट्टीच्या बाबतीतही मोजमापाची पद्धत बदलली नाही. १९७१ चा झोपडपट्टी कायदा, १९७६ ची गणना आणि त्यातून आलेला फोटोपास यांनी झोपडीला क्रमांक दिला. १९९५ च्या पुनर्वसन योजनेने तिचे २२५ चौरस फुटांच्या सदनिकेत रूपांतर करू घातले. हे माप पुढे २६९ आणि मग ३०० झाले. वाढ स्वागतार्हच आहे. परंतु पापड लाटणे, कातडे शिवणे, भंगार निवडणे हे उद्योग झोपडीच्या दारात आणि गल्लीत चालत, आणि ती गल्ली कोणत्याही मापात धरलेली नव्हती. इमारतीत गेलेल्या कुटुंबाला खोली मिळाली तरी दार गेले.

वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ २०१७ मध्ये फुटला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना उंच मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० पासून ५०० पर्यंतची ही वाटचाल शंभर वर्षांची आहे. जुन्या चाळीत एका मजल्यावरच्या वीस दारांसमोरून जाणाऱ्या सामाईक वाटेची लांबी-रुंदी मात्र या दोन्ही आकड्यांत कुठेच नाही.