संशय आणि निवेदकाचा पक्ष : एव्हन्स प्रकरण

मुलीच्या खुनाबद्दल टिमथी एव्हन्सला १९५० मध्ये लंडनला फाशी झाली. १९५३ मध्ये त्याच घरातील भाडेकरू क्रिस्टीने अनेक खुनांची कबुली दिली. त्यांत एव्हन्सची पत्नीही होती. लडोव्हिक केनेडीचा १९६१ चा 'टेन रिलिंग्टन प्लेस' एव्हन्सच्या निर्दोषत्वाच्या खात्रीनेच लिहिलेला आहे. साहजिकच एव्हन्सचा कबुलीजबाब तेथे पुरावा न राहता दडपणाची खूण होतो. हा पक्षपात नसता तर १९६६ ची माफी मिळाली असती काय? मायकेल एडोजने १९५५ मध्ये निर्दोष मानलेला एव्हन्स त्याच्याच मुलाच्या, जॉनच्या, १९९४ च्या ग्रंथात खुनी ठरतो! १९६६ च्या ब्रेबिन चौकशीचा निष्कर्ष तर निराळाच : एव्हन्सने बहुधा पत्नीला मारले, मुलीला नव्हे. केनेडीच्या कथनात या 'बहुधा'ला जागा नाही.