तुरुंगाऐवजी पलटण

चातुर्मासातली गोष्ट. प्रवचन संपलं आणि आम्ही पाच-सहा जणी मंदिराच्या पायरीशी चपला शोधत उभ्या होतो. सकाळच्या पेपरात एका मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती, बोलणं तिच्यावरच चाललं होतं. एक काकू तावातावाने म्हणाल्या, "अशांना तुरुंगात बसवून फुकट जेवायला घालायचं? त्यापेक्षा सीमेवर पाठवा. गोळी लागली तर कर्म फिटलं, नाही लागली तर देशाचं काम झालं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली.

घरी येताना रिक्षा फर्स्ट लान्सरवरून आली. हैदराबादेत राहणाऱ्या प्रत्येकीने हे नाव ऐकलेलं असतं, पण ते कुठून आलं याचा विचार कुणी करत नाही. निजामाच्या लान्सर घोडदळाची ही वस्ती. पहिल्या महायुद्धात हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरचे घोडेस्वार एकाच ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाइनला होते. दिल्लीच्या तीन मूर्ती या तीन संस्थानांच्याच सैनिकांच्या. सप्टेंबर १९१८ मध्ये हैफा शहर घेतलं ते जोधपूर-म्हैसूरच्या स्वारांनी. आमच्या हैदराबादवाल्यांकडे काम होतं पकडलेले युद्धकैदी सांभाळायचं.

कैदी सांभाळणारे शिपाई! मला काकूंचं बोलणं आठवलं. कारण त्याच महायुद्धात, त्याच सरकारने, काकू म्हणत होत्या तेच करून पाहिलं होतं.

१९१६ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इंग्रजांची फौज अडकली होती. बसऱ्याच्या बंदरात माल उतरवायला, रस्ते आणि बांध घालायला, छावण्यांची घाण काढायला माणसं मिळेनात. उन्हाळा आणि रोगराई यांच्या गोष्टी गावोगाव पोचल्या होत्या, मजूर यायला तयार नव्हते. तेव्हा सरकारची नजर तुरुंगांकडे वळली. त्या वर्षाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैद्यांच्या तुकड्या जहाजाने जाऊ लागल्या. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे पंधरा-सोळा हजार कैदी गेले. बोली अशी होती, की नेमलेली मुदत नीट काम करा, उरलेली शिक्षा माफ.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांच्या हाती बंदूक दिली नाही. झाडू, पाटी आणि फावडं दिलं. सरकारचा आपल्याच कैद्यावर तेवढा विश्वास नव्हता. आणि 'माणूस सुधारावा' म्हणून ही योजना निघालीच नव्हती, हात कमी पडले म्हणून निघाली. तुरुंगाच्या गजाआड उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, "इथं वर्षानुवर्षं सडतोस, की जातोस?" आणि तो "जातो" म्हणाला की लिहून घ्यायचं, राजीखुशीने आला. ही राजीखुशी कसली?

याच्याही आधीची गोष्ट आपल्या मराठी मुलखातली, खानदेशातली आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुडा-सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानेनात. डोंगरातल्या वाटा राखण्याचे त्यांचे जुने हक्क होते; ते गेले तशी लूटमार वाढली. फाशी, तुरुंग, फौज, सगळं करून झालं. शेवटी १८२५ साली जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा अधिकारी आला. आधी त्याने भिल्लांवर छापे घातले. मग पकडलेल्यांतल्याच काहींना हाताशी धरून, त्यांच्यात राहून, शिकारीला जाऊन, त्यांचीच एक पलटण उभी केली. धरणगाव हे तिचं ठाणं. काल ज्याला दरोडेखोर म्हणायचे, तो आज सरकारी शिपाई झाला.

ही योजना चालली. पण का चालली? एक तर आधीचे गुन्हे माफ झाले. दुसरं, महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. तिसरं, पलटणीबरोबरच सरकारने भिल्लांना जमिनी दिल्या, बैल-नांगरासाठी तगाई दिली. नुसत्या बंदुकीने घर चालत नाही, हे त्या सरकारलाही कळलं होतं.

आणि याच मुलखात दुसरी बाजूही घडली. खाज्या नाईक हा सेंधवा घाटातली वाट राखणारा सरकारी नोकर. संशयितांपैकी एक माणूस त्याच्या मारहाणीत मेला. १८५१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीमुळे मुदतीआधीच सुटका झाली, पण नोकरी गेलेली ती गेलेलीच. मग १८५७ चा उठाव झाला, सरकारला घाट राखायला माणूस हवा झाला, आणि तोच शिक्षा भोगलेला खाज्या एकदम कामाचा ठरला! त्याला पुन्हा नोकरीवर घेतलं. थोड्याच दिवसांत तो आपली माणसं घेऊन सरकारविरुद्ध उठला, खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, आणि तीत पकडल्या गेलेल्यांत शेकडो भिल्ल बायका होत्या. आज आपण खाज्याला क्रांतिकारक म्हणतो, ते योग्यच आहे. मी एवढंच पाहते, की सरकारला गरज असली की गुन्हेगार शिपाई होतो, आणि गरज संपली की शिपाई गुन्हेगार.

हे जुनंपुराणं म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ मध्ये रशियात 'वॅग्नर' नावाची खासगी फौज तुरुंगातुरुंगात फिरली. सहा महिने युक्रेनमध्ये लढा, जगलात तर माफी. हजारो गेले, हजारो मेले. जे जगले ते घरी आले. सायबेरियातल्या केमेरोवोची एक मुलगी तिच्या आधीच्या मित्राने हाल करून मारली होती. त्याला सतरा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या आईला पुढे फोटो पाहायला मिळाला, तो लष्करी वेषात, हातात बंदूक घेऊन उभा होता. सरकारने त्याला माफ केलं होतं. त्या आईला कुणीही विचारलं नव्हतं.

बायांनो, मंदिराच्या पायरीवर आपण बोलत होतो ते त्या मुलीसाठी. आपला उपाय मात्र तिच्या गुन्हेगाराला लवकर घरी पाठवणारा निघाला. शिवाय आपल्या सैन्यात मुलगा भरती होताना पोलिसांकडून त्याच्या चारित्र्याची पडताळणी होते. ज्या आईने असा मुलगा दिला, त्याच्या शेजारच्या खाटेवर आपण कुणाला झोपवायला निघालो?

कुणी म्हणेल, जैन बाई, हिंसा नको म्हणणारच. तसं नाही. देशाच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा आपल्या शास्त्राने गृहस्थाला पूर्ण नाकारलेली नाही. चामुंडराय सेनापती होता आणि श्रावकही. म्हणूनच सैनिकाचं काम ही शिक्षा होऊ शकत नाही. ज्याला आपण मान देतो, त्यालाच दंड कसं म्हणायचं?

आणि माणूस बदलत नाही असंही मी म्हणत नाही. विद्युच्चर चोराची कथा आपण लहानपणी ऐकली. जंबूकुमारांच्या लग्नाच्या रात्री तो चोरी करायला आला, नववधूंशी चाललेलं त्यांचं बोलणं ऐकत राहिला, आणि आपल्या पाचशे साथीदारांसह दीक्षा घेऊन बसला. श्वेतांबर परंपरेत हाच प्रभव, आणि तो पुढे आचार्य झाला. पण त्याला कुणी "तुरुंग की दीक्षा?" असं विचारलं नव्हतं. प्रायश्चित्त आपल्या मनाने घ्यावं लागतं, सौद्यात मिळत नाही.

पुढच्या रविवारी काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हौ, पण मग त्याचं करायचं काय?"

प्रश्न बरोबर होता. शिक्षा पुरी भोगू द्यायची, आणि फुकट बसवायचं नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांना कुटुंबासह शेती करू दिली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच निघाला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कैद्याला कामाची योग्य मजुरी द्या, आणि तिच्यातला काही वाटा त्याने ज्यांचं वाटोळं केलं त्यांना मिळेल असा कायदा करा. आमच्या चंचलगुड्याला तुरुंग खात्याचा पेट्रोल पंप आहे, तिथं कैदी काम करतात. काकूंचा मुलगा तिथंच गाडीत पेट्रोल भरतो.

काकूंना हे ठाऊक नव्हतं. "माप बरोबर असतं का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर असतं," मी म्हटलं.