वानराची शेपटी आणि तापी-गोदावरीची रेघ

रामटेकच्या गडावर कठड्यावरून चालणारे काळ्या तोंडाचे वानर पाहावे. त्याची शेपटी पाठीवरून कमान करून डोक्याकडे झुकलेली असते. धारवाडकडच्या वानराची शेपटीही अशीच वर उठते, पण तिचे टोक मागच्या बाजूला वळलेले असते. हा फरक कोणत्याही गुराख्याच्या नजरेत भरेल. प्राणिशास्त्राच्या छापील कागदांत मात्र त्याची पद्धतशीर मांडणी मिठनलाल रूनवाल यांनी १९७९ आणि १९८४ च्या लेखांत केली. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवलेल्या या शास्त्रज्ञाने उत्तरेची आणि दक्षिणेची वानरे वेगळी काढली आणि त्यांच्यामधली सीमा तापी-गोदावरी अशी सांगितली. नागपूर, रामटेक, पेंच हा सगळा मुलूख त्यांच्या हिशेबात उत्तरेकडचा.

या सीमेकडे नकाशा उघडूनच पाहायला हवे. मुलताईला उगम पावलेली तापी पश्चिमेला सुरतेकडे जाते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पूर्वेला जाते. या दोन नद्या कुठेही एकमेकींना भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये अजिंठ्याचे डोंगर आहेत आणि वऱ्हाडचा सपाट प्रदेश आहे, तिथे वानराची वाट अडवणारे पाणी नाही. म्हणून रूनवालांची रेघ सोयीची म्हणावी, भिंत म्हणू नये.

आता कागद मागून पुढे लावू. १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने बंगालमधल्या वानराचे वर्णन छापले आणि त्याला ‘एंटेलस’ हे नाव दिले. १८४४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा एडवर्ड ब्लाइथ याने ‘प्रायम’ आणि ‘अँकायसिस’ ही नावे त्यात घातली. पुढे अजॅक्स, हेक्टर, अकेटीजही आले. मारुतीच्या वंशजांवर ट्रॉयचे अख्खे युद्ध लोटले. नावे वाढली ती मुख्यतः कातड्यांवरून: रंग फिका की गडद, पंजे काळे की पांढरट, डोक्यावर तुरा आहे की नाही. वाळवलेल्या कातड्याची शेपटी पेटीत सरळच पडते. शेपटीचा बाक इतकी वर्षे वर्गीकरणाबाहेर का राहिला, याचे निदान अर्धे उत्तर मला त्या पेटीत दिसते.

१९३९ मध्ये दोन मांडण्या एकाच वेळी छापून आल्या. लंडनच्या रेजिनल्ड पोकॉकने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या खंडात सगळी राखाडी वानरे एका जातीत घालून तिच्या डझनाहून अधिक उपजाती पाडल्या. कोलंबोला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या ऑस्मान हिलने आपल्या यादीत त्यांच्या अनेक स्वतंत्र जाती मानल्या. पोकॉकचा ग्रंथ सरकारी मालिकेतला, कचेरी-ग्रंथालयांतून पोचलेला, आणि एकाच जातीची कल्पना त्यामुळे रुळली. हिलची यादी मागे पडली. २००१ मध्ये कॉलिन ग्रोव्ह्जने पुन्हा सात जाती केल्या, त्यांत दक्षिणेच्या मैदानातली ‘डुस्सुमिएरी’ ही एक होती.

भांडण सोडवायला जनुकेही आली. त्यातला एक निबंध २००८ चा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंथ आणि त्यांचे सहकारी लालजी सिंग, कोलुरा आणि कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट यांच्या त्या निबंधात तीन साक्षी तपासल्या आहेत. पहिली सायटोक्रोम-बी. हे मायटोकॉन्ड्रियातले जनुक फक्त आईकडून येते. दुसरी प्रोटामाइन पी-१, शुक्रपेशीत डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रथिनाचे जनुक. तिसरी लायसोझाइम. या तिसऱ्या साक्षीचा पूर्वेतिहास मजेदार आहे. याच स्ट्यूअर्टबाईंनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते की पाने आंबवून पचवणाऱ्या वानराच्या पोटातल्या लायसोझाइममध्ये आणि गाईच्या लायसोझाइममध्ये काही बदल अगदी सारखे आहेत, आणि तरीही दोघांनी ते स्वतंत्रपणे मिळवले आहेत. म्हणजे साम्य दिसले की नाते जोडायचे नाही, हा धडा त्यांना प्रथिनांतच मिळालेला होता. एकाच जनुकावर निकाल न देण्याची २००८ ची सावधगिरी मला त्या जुन्या कामाशी जुळणारी वाटते.

निकाल असा निघाला: निलगिरीचे काळे वानर आणि श्रीलंकेचे जांभळ्या तोंडाचे वानर ही आपल्या राखाडी वानराच्याच घरातली, सेम्नोपिथेकस प्रजातीतली. आसाम-भूतानकडचे सोनेरी आणि टोपीवाले वानर मात्र अडचणीचे ठरले. त्यांचे आईकडचे जनुक एका घराण्याकडे बोट दाखवते, पेशीकेंद्रातली जनुके दुसऱ्याकडे. त्यातून कारंथांनी जुन्या संकराची शक्यता मांडली.

कारंथांचाच २०१० चा निबंध नागपूरच्या वानराला थेट भिडतो. मायटोकॉन्ड्रियाच्या वंशवृक्षात सगळी राखाडी वानरे एका फांदीवर बसत नाहीत, कारण निलगिरीची आणि श्रीलंकेची वानरे मधेच शिरतात. पेशीकेंद्रातल्या प्रोटामाइनचे प्रकार मात्र या सगळ्यांत सामायिक सापडतात. दोन साक्षींतली ही तफावत समजायला वानरांचा टोळीधर्म आठवावा. माद्या जन्माच्या टोळीतच राहतात, वयात आलेले नर बाहेर पडतात, आणि बाहेरचा हुप्प्या येऊन टोळी बळकावतो. आईकडचे जनुक त्यामुळे आपल्या मुलखाला धरून राहते, बापाकडून आलेली जनुके टोळ्या ओलांडून फिरतात. हे स्पष्टीकरण एकटे पुरेल असे नाही, जुने प्रकार वाटणीनंतरही टिकून राहिलेले असू शकतात. निबंधकर्त्यांनी तात्पुरता तोडगा म्हणून राखाडी वानरांच्या तीन जाती कराव्यात असे सुचवले.

पुढच्या वर्षी चेतन नाग, प्रमोद आणि कारंथ यांनी दक्षिण भारतातली वानरे जागेवर जाऊन पाहिली, शेपटीच्या बाकासकट. त्यांच्या निरीक्षणांशी सर्वांत जास्त जुळली ती ऑस्मान हिलची मागे पडलेली यादी. ‘डुस्सुमिएरी’ला आधार मिळाला नाही आणि ते नाव पुढे गळाले. नागपूरच्या वानराचे ‘एंटेलस’ हे नाव या सगळ्या गदारोळात टिकले. त्याचा परीघ मात्र आखडला: पूर्वी त्यात धारवाडही मावत होते.

तापी-गोदावरीची हीच रेघ तांबड्या तोंडाच्या माकडांच्या कागदांतही भेटते. उत्तरेचे ऱ्हीसस आणि दक्षिणेचे टोपी माकड यांच्या सीमेची फेरतपासणी फूडेन, अनिल महाबळ आणि साहा यांनी १९८१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. इथे रेघेचा अर्थ निराळा आहे. टोसी, मोरालेस आणि मेल्निक यांच्या २००३ च्या जनुकीय निबंधात टोपी माकड श्रीलंकेच्या आणि आसामच्या माकडांच्या गटात येते, ऱ्हीसस आग्नेय आशियातल्या खेकडेखाऊ माकडाच्या गटात. शेजारी राहणारी ही दोन माकडे सख्खी भावंडे नाहीत. आणि त्यांच्यातली सीमा जागची हलते आहे. २०११ मध्ये कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा यांनी नोंदवले की ऱ्हीसस दक्षिणेला सरकत आहे आणि टोपी माकडाचा मुलूख त्याच्याखाली जात आहे.