दुहेरी प्लेटलेटरोधक उपचार

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबून सौम्य पक्षाघात झाल्यावर पुन्हा झटका येऊ नये म्हणून ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड देण्याची अल्पमुदतीची पद्धत. ॲस्पिरिन प्लेटलेटमधील थ्राँबोक्झेनची निर्मिती रोखते. क्लोपिडोग्रेल एडीपीची ग्राही अडवते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री मात्र आधी हवी.

पद्धतीला भक्कम आधार दिला तो चीनमधील ‘चान्स’ चाचणीने (२०१३). ५,१७० रुग्णांपैकी नुसत्या ॲस्पिरिनच्या गटात ९० दिवसांत ११.७ टक्क्यांना पुन्हा पक्षाघात झाला, तर जोडऔषधांच्या गटात ८.२ टक्क्यांना. तेथे दोन्ही औषधे एकत्र २१ दिवसच दिली होती. ‘पॉइंट’ चाचणीत (२०१८) ती ९० दिवस चालू ठेवली. लाभ झालाच, पण मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला. नव्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, रक्तस्रावाचा मात्र औषधे चालू असेपर्यंत टिकतो. म्हणून २४ तासांच्या आत सुरुवात आणि साधारण तीन आठवड्यांनी एकाच औषधावर परतणे, असा प्रघात पडला. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोनमहिने दोन्ही गोळ्या घेत राहणे अंगाशी येऊ शकते.

क्लोपिडोग्रेल यकृतात सक्रिय होते. त्यासाठीच्या जनुकाचा दुबळा प्रकार आशियाई लोकांत बराच आढळतो. अशांसाठी टिकाग्रेलोर हा पर्याय ‘चान्स-२’ चाचणीत (२०२१) सरस ठरला. एट्रियल फिब्रिलेशनमुळे हृदयातून आलेल्या गुठळीवर ही जोडी पुरेशी नाही. तेथे रक्त गोठण्याची प्रक्रियाच रोखणारी औषधे देतात.