पुरंदरचा तह आणि मालवणचा अपुरा किल्ला

१/ जून १६६५. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या पायाभरणीला अजून सात महिनेही झाले नव्हते. त्याच महिन्यात शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना देण्याचे मान्य केले. कसाला उतरलेले किल्ले गेले आणि जो धड किल्लाही झाला नव्हता, तो राहिला. हा निव्वळ पराभव होता, की त्यामागे काही हिशेब होता?

२/ अशा देवघेवीचा एक परिचित नमुना अमेरिकेतील बेसबॉलमध्ये दिसतो. हंगाम अर्ध्यावर आला की एखादा संघ आपले मुरलेले खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात दुय्यम साखळीतील कोवळी मुले घेतो. ऑगस्ट १९८७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने छत्तीस वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर डेट्रॉईट टायगर्सला दिला आणि वीस वर्षांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला जॉन स्मोल्ट्झ घेतला.

३/ अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात डेट्रॉईटसाठी नऊ सामने जिंकले, एकही गमावला नाही, आणि संघ आपल्या गटात पहिला आला. स्मोल्ट्झ मात्र पुढे दोन दशके अटलांटाचा आधारस्तंभ राहिला आणि २०१५ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. एकाने वर्तमान विकत घेतला, दुसऱ्याने भविष्य. पुरंदरचा तह याच नजरेने वाचता येतो का, ते तपासून पाहू.

४/ आधी तहापूर्वीचे दीड वर्ष. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेची लूट झाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आदिलशाही सरदार खवासखान तळकोकणात उतरला आणि कुडाळच्या परिसरात झुंज झाली. ही धामधूम ताजी असतानाच २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, आज ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी पूजन होऊन सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले.

५/ जागेची निवड विचारपूर्वक होती. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला तेथे शिरणे अवघड. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही बेटावर गोडे पाणी लागते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आजही त्याची साक्ष देतात. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि डच यांच्यामध्ये स्वराज्याला स्वतःचे सागरी ठाणे हवे होते.

६/ या नव्या डावाची चुणूक लगेच दिसली. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन महाराज स्वतः समुद्रमार्गे दक्षिणेला गेले आणि कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूर हे श्रीमंत बंदर लुटले. सह्याद्रीत वाढलेले राज्य समुद्रावर चालायला शिकत होते.

७/ नेमका याच वेळी घाटावर डाव उलटला. मिर्झाराजे जयसिंग मार्च १६६५ च्या आरंभी पुण्यात दाखल झाले आणि महिनाअखेरीस दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. १४ एप्रिलला शेजारचा वज्रगड पडला. पुरंदर झुंजवताना मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. दुसरीकडे जयसिंगांच्या फौजा राजगड आणि कोंढाण्याच्या आसपासची गावे जाळत होत्या. पुरंदरवर सैनिकांबरोबर त्यांची बायकामुलेही अडकली होती.

८/ ११ जून १६६५ रोजी महाराज जयसिंगांच्या छावणीत गेले. ठरले ते असे: चार लाख होन उत्पन्नाचे २३ किल्ले मोगलांना द्यायचे, एक लाख होन उत्पन्नाचे १२ किल्ले स्वतःकडे ठेवायचे. अवघ्या आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब. विजापूरच्या मोहिमेत मोगलांना साहाय्य. पाच भागांतले चार भाग उत्पन्न एका कलमात गेले.

९/ गेलेल्या किल्ल्यांची नावे वाचली तरी घाव कळतो: पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा. राहिलेल्यांत राजगड, तोरणा आणि रायरी. यातली रायरी तेव्हा राजधानी नव्हती. नऊ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी तिथेच राज्याभिषेक झाला. राखलेल्या बारांतही एक ‘उद्याचा’ किल्ला होता.

१०/ पण तहाचे खरे मर्म कोकणच्या कलमात आहे. विजापूरकरांच्या मुलखापैकी चार लाख होनांचे तळकोकण आणि पाच लाख होनांचा बालाघाट बादशहाने महाराजांना मान्य करावा. त्याबद्दल महाराजांनी चाळीस लाख होन, वर्षाला तीन लाखांच्या हप्त्यांनी भरावेत. तळकोकणाचा बराच भाग महाराजांच्या हाती होताच. बालाघाट अजून जिंकायचा होता. हातचे चार लाख देऊन पुढच्या नऊ लाखांवर हक्क मागितला गेला.

११/ जयसिंगही भोळे नव्हते. या कलमामुळे शिवाजी आणि आदिलशहा यांच्यात कायमचे वैर पेटेल, असा हिशेब त्यांनी बादशहाला लिहिलेल्या पत्रातच मांडला आहे. डेट्रॉईटप्रमाणे त्यांना चालू मोहीम जिंकायची होती: मराठी फौज आजच, विजापूरविरुद्ध, हवी होती. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या काळाकडे पाहून एकाच कागदावर एकमत झाले.

१२/ इथे मात्र सावध राहिले पाहिजे. सिंधुदुर्ग वाचला तो केवळ चातुर्याने नव्हे. तहात मागितलेले किल्ले जुन्या निजामशाही मुलखातले होते, ज्यावर मोगल आपला हक्क सांगत. मालवण आदिलशाही बाजूला पडत होते. शिवाय अटलांटाच्या मानेवर तलवार नव्हती. महाराजांचा हा व्यवहार जळत्या गावांच्या उजेडात झाला. त्याला ‘मास्टरस्ट्रोक’ म्हणणे म्हणजे निकाल वाचून मग प्रश्न सोपा होता असे सांगणे.

१३/ किंमतही लहान नव्हती. विजापूरची मोहीम १६६६ च्या आरंभीच फसली. त्याच धांदलीत सरनोबत नेताजी पालकर स्वराज्य सोडून विजापूरकरांना मिळाले. मग आग्रा, १२ मे १६६६ चा दरबार, नजरकैद आणि ऑगस्टमधील सुटका. ऑगस्ट १६६७ मध्ये बुऱ्हाणपूर येथे जयसिंगांचा मृत्यू झाला. तहाने ज्यांना चालू हंगाम जिंकायचा होता, त्यांना तोही जिंकता आला नाही.

१४/ सुटकेनंतरच्या शांत वर्षांत महाराजांनी घाई केली नाही. दरम्यान सिंधुदुर्ग उभा राहिला. बांधकाम सुमारे तीन वर्षे चालले, असे परंपरा सांगते. मग ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या प्राणांच्या मोलाने कोंढाणा परत आला, ८ मार्चला पुरंदर, आणि त्याच वर्षी लोहगड, माहुली. दिलेल्या किल्ल्यांपैकी बहुतेक काही महिन्यांत परत मिळाले.

१५/ हे शक्य झाले, कारण डोंगरी किल्ले ज्यांनी वर्षानुवर्षे राखले होते, त्या मावळ्यांना त्यांच्या वाटा, कडे आणि चोरदिंड्या पाठ होत्या. हातून गेलेले डोंगर परत घेण्याची विद्या स्वराज्याकडे होती. समुद्राची तशी नव्हती. जंजिरा याचा पुरावा आहे: शिवाजी महाराजांनी आणि नंतर संभाजी महाराजांनी परोपरीने प्रयत्न केले, तरी तो हाती आला नाही. अपुरा सिंधुदुर्ग १६६५ मध्ये कुणा सागरी सत्तेच्या ताब्यात गेला असता, तर मालवणसमोर दुसरा जंजिरा उभा राहिला असता.

१६/ पुढचा इतिहास याला दुजोरा देतो. १६८९ मध्ये राजधानी रायगडही मोगलांनी घेतला. सिंधुदुर्ग मोगलांच्या हाती लागला नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, पण लवकरच कोल्हापूरकरांकडे परत आला, आणि १८१२ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला. जवळजवळ दीडशे वर्षे त्याने चाकरी केली.

१७/ म्हणून पुरंदरचा तह ना निव्वळ शरणागती, ना आधीच ठरलेला विजय. पराभवात काय द्यायचे, हे बहुतांशी जिंकणारा ठरवतो. पण जे उरले त्याचे काय करायचे, हे हरणाऱ्याच्या हाती राहते. तेवीस किल्ले जयसिंगांनी मागून घेतले. सिंधुदुर्गाचे काम मात्र तहानंतरही कुणी थांबवले नाही. मालवणच्या जेटीवरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसाल, तेव्हा हे लक्षात असू द्या: समोरचा तट बांधला जात असताना राज्याचे चार पंचमांश उत्पन्न गेलेले होते.