धुनेतून रागाकडे : कुमार गंधर्वांच्या नवनिर्मितीचा उगम

हिंदुस्थानी संगीतात नवा राग म्हणजे बहुधा परिचित रागांचे मिश्रण, अशी रूढ समजूत होती. या समजुतीस पं. कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांनी आपल्या कृतीतून वेगळे उत्तर दिले. बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेल्या व मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेल्या या गायकास क्षयरोग जडला. १९४८ मध्ये ते हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे आले. पुढील काही वर्षे गाणे वर्ज्य होते. ऐकणे मात्र वर्ज्य नव्हते. परिसरातील लोकगीते सतत कानांवर पडत होती आणि सक्तीच्या मौनाचे रूपांतर अभ्यासात झाले.

लोकधून बहुधा मोजक्या स्वरांत फिरते. कुमारांना तिच्यात रागाचे बीज दिसले. धुनेतील विश्रांतिस्थाने व स्वरसंगती ओळखून, तिचा स्वभाव न मोडता, त्यांनी तिचा विस्तार केला. मालवती, संजारी, सहेली तोडी हे 'धुन-उगम' राग अशा चिंतनाचे फलित होत. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या स्वरचित बंदिशी संग्रहित झाल्या.

प्रत्येक धुनेतून राग निघत नाही. म्हणूनच निवडीचा विवेक महत्त्वाचा ठरतो. येथे प्रेरणा आकस्मिक साक्षात्कार नसून दीर्घ श्रवणाची परिणती आहे. लोकसंगीत हे रागसंगीताचे उगमस्थान होय, हा विचार कुमारांनी नवनिर्मितीने सिद्ध केला, हेच त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.